लाल दोरा बांधलेली घाणेरी

भिवंडीला कोणी हौसेने जात नाही. कराडच्या स्टँडवर शेजारच्या गल्लीतले एक ओळखीचे गृहस्थ भेटले. "कुठे निघालात सर?" त्यांनी विचारलं. मी भिवंडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "कोण आजारी आहे का तिकडे?" मी म्हणालो, "नाही, एक नर शोधायला चाललोय." त्यानंतर एसटी लागेपर्यंत ते समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभे राहिले आणि मीही त्यांना समजावून सांगायचा कंटाळा केला.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात ढेकणांवर काम केलं. गादीतला ढेकूण हा त्या खानदानातला बदनाम भाऊ. बाकीचे हजारो प्रकार झाडाझुडपांवर राहतात, आणि त्यातले काही चक्क शिकारी असतात. सोंडेसारखं तोंड माशीच्या अंगात खुपसायचं आणि आतला रस ओढून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीकडच्या गोदामांत कीडनियंत्रणाचं काम करायचा. झुरळांसाठी ठेवलेल्या चिकट कागदावर त्याला अशी एक शिकारी मादी सापडली. त्याने ती काडेपेटीत घालून मला पाठवली आणि फोनवर म्हणाला, "सर, हे तुमच्यातलं दिसतंय."

ते माझ्यातलंच होतं. अंग तांबडं, पाय काळे, मांडीवर एकच पांढरा पट्टा. असा पट्टा मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता. पण एका मादीवरून नवी जात ठरत नाही. या मंडळींत नराच्या शेपटाकडच्या शेवटच्या कड्यात एक बारीक काटा असतो, त्याच्या घडणीवरून जात पक्की होते. नर मिळाला नाही तर मादी नुसती 'एक मादी' म्हणून खोक्यात पडून राहते. ती तशी माझ्या टेबलावर पडून होती. घरात मी आणि ती. माझी बायको सुलभा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ढेकणांवर काम करणारे आपल्याकडे मोजकेच, आणि ज्यांच्याशी मला कडाकडा भांडता यायचं ते दोघेही वारले. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा चाललाय, डावाही त्याच वाटेवर आहे, सूक्ष्मदर्शकाचं काही काम असेल तर उरकून घ्या. म्हणून दसरा झाल्यावर मी पिशवी भरली. नर मिळाला तर ही जात माझ्या हातून नावारूपाला येणार होती. नाही तर माझ्यामागे ते खोकं कोणी उघडणारही नव्हतं.

काल्हेर

उतरलो काल्हेरला. विद्यार्थी आता गुजरातेत असतो, त्यामुळे ओळखीचं असं कोणी नव्हतं. हमरस्त्यावरच्या लॉजमध्ये खोली घेतली. खिडकीखाली ट्रक मागे घेताना वाजणारी ती टींटीं सुरू झाली की थांबायचीच नाही. आमच्याकडे रात्री कुत्री भुंकतात, त्यांना निदान मधूनच झोप तरी येते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं. निळे-पांढरे पत्रे, त्यामागे आणखी पत्रे. कराडात आमच्या दारात जे जे खोकं येतं, कोणाचा मिक्सर, कोणाच्या नातवाची सायकल, ते सगळं म्हणे इथूनच निघतं. इतकी वर्षं खोकी घेत आलो, ती कुठून येतात हे कधी मनात आलं नव्हतं. चहाच्या टपरीवर हमाल पोरं हिंदीत सुरुवात करून मराठीत वाक्य संपवत होती. "भाई, आज डबल ड्युटी है, मग उद्या येतो ना गावाला." मी त्यांच्यात उभा राहून चहा प्यायलो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते लागलं.

पहिले काही दिवस फुकट गेले. गोदामांच्या मागे जिथे हिरवं दिसेल तिथे मी जाळी घेऊन घुसायचो आणि वॉचमन मला बाहेर काढायचे. एकाने विचारलं, "चाचा, कुछ गिर गया क्या?" मी म्हणालो, एक कीडा शोधतोय. त्याने मला सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि घरच्या कोणाचा नंबर पाठ आहे का, असं हळूच विचारलं. मी कोणाचा नंबर सांगणार होतो?

पूर्णा

शेवटी विद्यार्थ्याला फोन केला. मादी नेमकी कुठे सापडली ते आठवून त्याने पूर्णा गावातल्या एका गोदामाचं नाव सांगितलं. त्याच्या मागच्या अंगाला दोन गोदामांच्या मधोमध जमिनीचा एक पट्टा तेवढा मोकळा राहिला होता. घाणेरी, बोरी, तरवड, सगळी दाटी. कडेने नाला, तो पुढे खाडीला जातो. मी घाणेरीत कमरेपर्यंत शिरलो होतो तेव्हा मागून आवाज आला.

"काय हुडकतंस रं? मोजनीवाला हायस?"

बंडी, लुंगी आणि डोक्याला रुमाल, अशा वेशातले एक म्हातारे बांधावर उभे होते. हे काळूराम दादा. तो पट्टा त्यांचाच, म्हणजे त्यांचा आणि त्यांच्या भावाचा, आणि दोघांचं जमत नाही म्हणूनच अजून झुडपांचा राहिलेला. मी म्हणालो, "दादा, मी मास्तर आहे. ढेकूण शोधतोय."

त्यांचा चेहरा कडक झाला. "आमच्या घरान ढेकूण न्हाय. कोनी सांगलं तुला?"

ते समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी मी पिशवीतून त्या मादीचा फोटो काढून दाखवला. दादांनी तो लांब धरला, जवळ धरला, परत दिला. असं काही आपण कधी पाहिलं नाही, म्हणाले. मग माझ्या हातावरचे ओरखडे बघून विचारलं, "रहतंस कुठं?" मी लॉजचं नाव सांगितलं. "लॉजवर कशाला? माझा घर रिकामा हाय. चल."

त्या घराला रिकामा हा शब्द कमीच पडत होता. जमिनीच्या पैशांतून बांधलेला तीन मजली बंगला, बाहेरून गुलाबी, आतून हिरवा, जिन्याला ग्रॅनाइट, सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच. आणि त्या सगळ्यात दादा एकटे, ओटीवर लोखंडी खाटेवर झोपायचे. मुलगा निलेश ठाण्याला टॉवरमध्ये राहतो. जेसीबी आणि डंपर यांचा त्याचा धंदा चांगला चाललाय. त्याने दादांना नेलं होतं, ते आठवड्यात परत आले. "तिकरं लिफ्टमधी कोन कोनाशी बोलत न्हाय," एवढंच कारण दिलं. निलेशची आई तो पाळण्यात असतानाच गेली, आणि दादांनी खाडीत मासे धरून आणि भात लावून त्याला एकट्याने वाढवलं, हे मला शेजारून जेवण आणून देणाऱ्या पुतण्याच्या बायकोकडून, सुनंदा वहिनींकडून कळलं.

जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, थापली की हाताला जाणवते. ही पांढरी भाकरी इतकी मऊ की पहिल्या घासाला मला ती आजाऱ्याची वाटली. सुकटीचा वास पहिल्या दिवशी नाकात घुसला तो पिशवीतल्या कपड्यांपर्यंत गेला. तिसऱ्या जेवणाला मी वाटी पुढे केली तेव्हा दादांनी वाढताना जरा जास्त वाढलं.

आणखी एक गोष्ट. या गावात लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात. आमच्या बाजूला मास्तर म्हटला की अहो-जाहो, सर आणि नमस्कार. दादा मला पहिल्या वाक्यापासून तू म्हणत होते आणि आधी मला ते टोचलं. मग एका संध्याकाळी त्यांनी आतून हाक मारली, "मास्तर, जेवाला ये, तू मागनं काय करतंस?" तेव्हा हात धुता धुता माझ्या लक्षात आलं की मला तू म्हणणारी शेवटची सुलभा होती. मी नळ जरा जास्त वेळ सुरू ठेवला.

घाणेरीच्या आत

सापडला तो भर उन्हात. घाणेरीच्या एका फांदीच्या बेचक्यात काहीतरी तांबडं दिसलं. मी श्वास धरून चष्मा पुसला. मांडीवर पांढरा पट्टा. पोट बारीक. नर होता, यात शंकाच नव्हती.

कुपी पुढे केली तरी तो हलला नाही. एरवी हे प्राणी सावली पडली की पानाच्या मागे सरकतात. हा जागीच पुढचे पाय उचलून कुपीवर धावून आला आणि परत मागे जाऊन बसला. तेव्हा मला त्याच्या पोटाखाली बाटल्यांसारखी उभी ठेवलेली अंडी दिसली, तपकिरी, एकाला एक लागून. एक मुंगी फांदीवरून वर येत होती. त्याने तिला सोंडेने असं ढोसलं की ती खाली पडली.

बाप अंडी राखतो, असे शिकारी ढेकूण परदेशात आहेत, हे मी वाचलं होतं. वर्गात शिकवलंही होतं, परीक्षेला न येणारा भाग म्हणून. पण डोळ्यांसमोर कधी पाहिला नव्हता. मी जाळी बाजूला ठेवून चिखलातच बसलो. कुपी उघडीच होती. एका झटक्यात तो आत आला असता आणि माझं काम झालं असतं. मी स्वतःला सांगितलं की पिल्लं कशी निघतात ते पाहायला हवं, तेही वर्णनात लागतं. ते खरंच होतं. पण खरं कारण हे की त्याला उचलायला माझा हात उठला नाही. खुणेसाठी मी खिशातला देवळातला लाल दोरा त्या फांदीला बांधला आणि घरी आलो.

दादांना सांगितलं. ते बराच वेळ भाकरीचा तुकडा तसाच धरून बसले. "बापूस बसलाय? न आईस कुठं गेली?"

"ती अंडी घालून जाते. पुढचं सगळं त्याच्याकडे."

"खातो काय तो?"

"समोरून काही गेलं तर. नाही तर उपाशी. उठत नाही."

दादांनी "हां" म्हटलं आणि तुकडा तोंडात घातला. मग माझी फाटलेली पँट आणि हाताचे ओरखडे बघून म्हणाले, "तुला रोज काट्यांतून जावा लागतो. कुठं बसलाय तो?" मी सांगितलं, मधोमध, लाल दोरा बांधलाय तिथे.

वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिवंडीत काचेची मोठी बरणी घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा पट्ट्यात पिवळा जेसीबी उभा होता. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत दादा बसले होते. त्यांच्या शेजारी उभा असलेला गॉगलवाला तरुण म्हणजे निलेश, हे न सांगताच कळलं, नाक तेच होतं. रस्त्यापासून आतपर्यंत गाडी जाईल अशी सरळ, लालभडक मातीची वाट तयार झाली होती.

"या सर," निलेश हसून म्हणाला. "बाबांनी सकाळीच फोन केला, पाहुण्याला काटे लागतात म्हणून. आता बूट पण खराब होणार नाहीत तुमचे."

दादा म्हणाले, "वाट करून दिली तुला."

मी धावलो. लाल दोरा नव्हता. फांदी नव्हती. घाणेरीच नव्हती. मी दोऱ्याबद्दल विचारलं तर मशीनवरचा माणूस वरूनच म्हणाला, "हां, लाल निशाण था ना. वहीं तक साफ किया." इथे झुडपाला लाल फडकं दिसलं की ती मोजणीची खूण असते आणि तिथपर्यंत रान साफ करायचं असतं, हे निलेशने मला मागून समजावलं. सगळ्या भिवंडी तालुक्यात शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. मीच तेवढा कराडहून आलो होतो.

मला राग आला. आणि काढायचा कोणावर? समोर ऐंशीच्या घरातला माणूस बसला होता, ज्याने माझ्या पायाला काटा लागू नये म्हणून ठाण्याहून मुलगा आणि मशीन बोलावलं होतं. मी खाली बसलो. म्हणालो, "दादा, तो त्या फांदीवर होता."

दादांना कळायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीतून उठले आणि वाटेच्या टोकाला उपटून टाकलेल्या झुडपांच्या ढिगाकडे चालू लागले. "बाबा, सोडा ना, काटे आहेत," निलेश म्हणाला. दादा ढिगासमोर बसले आणि उघड्या हातांनी एकेक फांदी ओढून बाजूला ठेवू लागले. मीही बसलो. थोड्या वेळाने निलेशने गॉगल काढला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तोही बसला. घाणेरीचा तो उग्र वास उन्हाने आणखी चढला होता.

दोरा मला दिसला, मातीने काळा झालेला. फांदी मोडली होती, पानं माना टाकून होती. बेचक्यात अंडी तशीच होती. काही फुटली होती, बरीच शाबूत होती. आणि त्यांच्यावर तो बसलेला होता. मागचा एक पाय गेला होता. मी फांदी उचलली तेव्हा त्याने पुढचे पाय उचलून माझ्यावर धाव घेतली.

"हाय?" दादांनी विचारलं. त्यांना बारीक दिसत नाही.

"आहे," मी म्हणालो. "बसलाय." माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. दादांनी रक्ताळलेले हात लुंगीला पुसले.

कापडाच्या गावात

बरणीला वरून बांधायला जाळीचं कापड हवं होतं. दादांच्या घरी मिळेना म्हणून निलेशने मला गाडीने भिवंडीत सोडलं. ज्या गल्लीत शिरलो तिथे दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम चालू होते. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो दातांत येतो. बोलणं सगळं खुणांनी. गल्लीच्या टोकाला एका दुकानात पातळ जाळीदार कापडाचे तागे लावले होते. मी हातरुमालाएवढं मागितलं. दुकानदाराने ताग्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"इतने में क्या होगा, चचा?"

मी बरणीतल्या किड्याचं सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला. "हम लोग कपड़े में कीड़ा लगे तो रोते हैं, आप कीड़े के लिए कपड़ा ले रहे हो." त्याने कात्रणांच्या ढिगातून एक तुकडा काढून दिला. मी पाकीट काढलं तर त्याने हात हलवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फांदी पाण्याच्या बाटलीत आणि बाटली बरणीत, अशी त्याची सोय तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत केली. माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं. कोणाला कळवायचं नव्हतंच. दादा गुडघे धरत रोज सकाळी तीन जिने चढून यायचे आणि दारातूनच विचारायचे, "बसलाय?" मी बसलाय म्हटलं की तेही समोरच्या पलंगावर टेकायचे. असे आम्ही तिघे बसायचो. खिडकीतून गोदामांचे पत्रे दिसायचे. एकदा दादा म्हणाले, "इकरं आमचा भात होता. समद्या बाजूनी." माझ्या घरी कराडात मी असाच बसतो, पण तिथे शेजारच्या खुर्चीवर पुस्तकं असतात. इथे खोकणारं माणूस होतं. तेवढ्याने दिवस निराळा जातो.

पिल्लं निघाली ती सकाळच्या उन्हात. अंड्याची टोपणं उघडली आणि तांबूस, केसाएवढ्या पायांची पिल्लं बाहेर येऊन एकमेकांना धरून उभी राहिली. दादांना दिसत नव्हती. मी भिंग दिलं, मग त्यांचा हात धरून भिंग जिथे हवं तिथे नेलं. "कवरी बारीक हायेत," ते म्हणाले. बंगल्याच्या कुंपणाबाहेर घाणेरीची एक जाळी उरली होती. आम्ही पिल्लं तिथे सोडली. दादांनी निलेशला फोन करून सांगितलं की या कुंपणाला मशीन लावलंस तर घरात पाऊल टाकू नको.

नर आता अंड्यांवरून उठला होता. पाच पायांवर लंगडत तो फांदीवरून खाली आला, बरणीच्या तळाशी गेला, परत वर आला. माझ्या पिशवीत मारायची बाटली होती, आत विलायती औषधाचा बोळा. मी ती बाहेर काढली.

"आता सोडनार ना त्याला?" दादांनी विचारलं.

मी सांगितलं. की याचं शरीर टाचणीला लागल्याशिवाय या जातीला नाव मिळत नाही. की मी त्याच्यासाठीच आलो होतो. की माझा एक डोळा गेलाय, दुसरा किती दिवस आहे सांगता येत नाही, आणि याच्यानंतर मी दुसऱ्या कशाचं वर्णन करीन असं मला वाटत नाही. मी वर्गात समजावायचो तसं सगळं नीट सांगितलं.

दादा बरणीकडे बघत राहिले. "मरल तवा ने," ते म्हणाले. "तवर र्‍हाऊ दे माझ्याकरं. मी हाय ना बगाला."

"दादा, तो महिना-दोन महिने जगेल. जास्तही."

"मग?"

मी बाटली पिशवीत ठेवली. माशी पायाला चिमट्याने धरून बरणीत कशी सोडायची ते दाखवलं. ओटीवर सुकट वाळत असल्यामुळे माशांना तोटा नव्हता. आणि मेल्यावर कापसात ठेवून काडेपेटीत घालायचं, हे दोनदा सांगितलं.

कराड

घरी आलो. कुलूप उघडलं तर आत तोच बंद वास. मादी खोक्यात होती. त्या संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. माझा फोन संध्याकाळी वाजत नाही, त्यामुळे मी तो आधी शेजाऱ्यांचा समजलो.

"हाय अजून," पलीकडून दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते रोजचं झालं. "हाय अजून. माशी खाल्ली." "हाय अजून. आज मना चावला, हात सुजलाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पिल्लांची खबरही असायची, सुनंदा वहिनींनी कुंपणावर दोन पाहिली, मोठी झालीत. रोजचा तो फोन म्हणजे माझं काम आणखी एक दिवस लांबणीवर. डाव्या डोळ्याला अक्षरांच्या कडा पुसट दिसायला लागल्या होत्या. तरी दिवेलागणी झाली की मी फोन समोर घेऊन बसायचो, आणि "हाय अजून" ऐकलं की मला बरं वाटायचं. हे मी लिहून ठेवतो, कारण शास्त्राच्या माणसाने असं वाटून घेणं बरोबर नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा एका संध्याकाळी दादा म्हणाले, "गेला." मग म्हणाले, "बरनीच्या तलाला. सकाळी उठून बगतो तं गेलावता." काडेपेटी निलेश स्वतः घेऊन आला, पुण्याला काम होतं म्हणाला. आत कापसावर तो होता, पाच पायांचा, आणि शेजारी माझा लाल दोरा गुंडाळून ठेवलेला.

मग मी कामाला बसलो. लांबी मोजली, रुंदी मोजली, शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, प्रत्येक तुकड्याची मापं घेतली. अंगाचा रंग तांबडा म्हणावा की विटकरी, यावर दोन दिवस घालवले. शेवटचं कडं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ केलं, आणि भिंगाखाली तो काटा दिसला, टोकाला दुभंगलेला. असा काटा कोणाचाच नाही. डाव्या डोळ्याने, थांबत थांबत, मी त्याचं चित्र काढलं. जातीला नाव गावाचं दिलं. नमुन्याखालच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिलं, पूर्णा, भिवंडी. ज्या पट्ट्यात तो सापडला तिथे भावांचं जमल्यामुळे आता पाया खणलाय, असं निलेश म्हणाला होता. लेख पाठवून दिला. टेबल मोकळं झालं.

त्यानंतर फोन यायचं कारण उरलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मी दिवा लावला, खुर्चीवरची पुस्तकं उगाच एकावर एक रचली. आपण करावा का, असं दोनदा मनात आलं, पण फोन करून सांगणार काय, म्हणून राहिलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला वाजला.

"काय दादा?"

"काय न्हाय," दादा म्हणाले. मागे कुठेतरी ट्रक मागे घेत होता, ती टींटीं ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "लिवलंस का, तो उठला न्हाय म्हनून?"

"लिहिलं. एक ओळ आहे तशी."

"हां."

मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो.

"जेवलास?" दादांनी विचारलं.

मी अजून जेवलो नव्हतो. तसं सांगितलं.